लक्ष्मीआईची प्राणप्रतिष्ठा

आमच्या गावात पूर्वी देव 'बसवत'. मिरजगावच्या पलीकडचं गाव, बोलणं साधं. घट बसवतात तसा देव बसवायचा. चार माणसं, एक नारळ, तेल-शेंदूर, झालं. 'प्राणप्रतिष्ठा' हा शब्द गावात आला तो फ्लेक्सवरून, हात जोडलेल्या वीस फोटोंच्या डोक्यावर. त्यात माझाही फोटो होता. नगरला सरकारी नोकरी, म्हणून मला मंदिराच्या कमिटीत घेतलं होतं आणि मी फुशारलो होतो.

मंदिराआधी वेशीजवळ लिंबाखाली लक्ष्मीआई होती. मूर्ती नव्हे, तांदळा. नाक-डोळे नसलेला, शेंदराची पुटं चढलेला गोल दगड. वडील गेले तेव्हापासून माझी आई तिला रोज सकाळी पाणी घालायची. नुसतं ओतायची नाही, लेकराचं डोकं धुवावं तसा तळहातानं चोळून धुवायची. टँकरच्या दिवसांतही पहिला तांब्या लक्ष्मीआईचा. आम्ही चिडायचो, ती ऐकायची नाही. अशी तीस वर्षं गेली.

मंदिर झालं, संगमरवरी मूर्ती आली. होमाला जोडपी बसतील, असं गुरुजी म्हणाले. आईनं मंडपाबाहेर बसावं हे कुणी सांगितलं नाही. विधवेला ते सांगावं लागत नाही. मी बायकोसोबत पाटावर बसलो. गुरुजींनी माइकवरून 'प्राणप्रतिष्ठा' या शब्दाचा अर्थ समजावला. मंत्रांनी मूर्तीत प्राण येतो, तोवर तो नुसता दगड. आता देवी जागृत झाली, यापुढे पुजाऱ्याशिवाय तिला कुणी शिवायचं नाही. आई मंडपाच्या खांबाला टेकून सगळं ऐकत होती.

जुना तांदळा पाझर तलावात सोडायचा ठरला. खांद्यावर घेऊन मीच वाजतगाजत नेला आणि पाण्यात सोडला.

घरी आल्यावर आईनं एवढंच विचारलं, "आज जीव आला, तर तीस वर्सं मी कुनाला पानी घालत हुते रं?"

शास्त्र असतं आई, असं काहीतरी मी बोललो. इतकं नालायक उत्तर मी आयुष्यात दुसरं दिलेलं नाही.

ती मंदिराची पायरी कधी चढली नाही. सकाळी उठून तांब्या भरायची आणि तो तसाच उंबऱ्याशी ठेवायची. पुढच्या उन्हाळ्यात तिनं अंथरूण धरलं. मोतीबिंदूनं नजर तर आधीच गेली होती. एक दिवस म्हणाली, माझी लक्ष्मीआई आणून दे, एकदा न्हाऊ घालते.

तलाव आटला होता. भेगाळलेल्या गाळात गोल दगडच दगड, सगळे राखेच्या रंगाचे. शेंदूर कुठेच नव्हता. खांद्यावरून नेलेला दगड मला ओळखता येईना. दुपारपर्यंत फिरलो, मग त्यातला एक बरासा उचलला, मिरजगावातून शेंदूर आणून तेलात कालवून त्याला फासला आणि घरी आणला. तिला दिसत नाही, याचा मला आधार वाटला. लाज वाटायला हवी होती.

आईनं दगड मांडीवर घेतला, पाणी मागितलं. ओल्या तळहातानं एकदा चोळला आणि हात थांबला.

"ह्याच्यात कुनी न्हाई," ती म्हणाली. दगड माझ्याकडे सरकवला आणि हात गोधडीला पुसला. माझ्यावर तापली असती तर बरं झालं असतं.

आठव्या दिवशी ती गेली. तेराव्याला गोमूत्र शिंपडून घर पवित्र करून घेतलं. तो दगड मात्र मला टाकवेना, नगरला घेऊन आलो. बाल्कनीत असतो. बायको म्हणते, कशाला ठेवलाय? मी रोज सकाळी तांब्याभर पाणी घालतो, तळहातानं चोळतो. दोन वर्षं झाली. अजून त्यात कुणी आलेलं नाही.