काडीकचऱ्याची रेघ

लडाखच्या त्या पोस्टिंगवर मी हवालदार होतो. आमचा सेक्शन दहा जणांचा. पेट्रोल म्हणजे गस्त, दिवसभर चाल आणि चार वाजायच्या आत तंबूची जागा. वर सुटे दगड नकोत, वाऱ्याला आडोसा हवा, पाणी जवळ हवं पण पायाशी नको. यातला शेवटचा नियम मी एकदा मोडला.

त्या दिवशी १४३० वाजता कोरड्या नाल्याशेजारी मऊ, सपाट वाळू सापडली. ढग औषधालाही नव्हता. लान्स नाईक जनार्दन म्हात्रे मात्र पाठीवरचं ओझं उतरवेना. तो पेणजवळच्या खाडीकाठचा, मिठागरातल्या घरचा. मी रोह्याकडचा, निडीचा. म्हणून आमचं जमायचं. वाळूवर काडीकचऱ्याची बारीक रेघ होती. तिकडे बोट दाखवून तो म्हणाला, "सायब, हितं भरती येते. तंबू वर घेऊया."

चौदा हजार फुटांवर भरती! सगळा सेक्शन पोट धरून हसला. सगळ्यात मोठ्याने मी.

"म्हात्रे, खुंट्या ठोक."

"जी, सायब."

१५०० वाजता मी रेडिओवर कळवलं, "कॅम्प अप. ऑल ओके. ओव्हर." १६१० ला पाणी आलं. उन्हाने वरचा बर्फ वितळला होता, खाली पोचायला त्याला दुपार उलटली इतकंच. एक शिपाई तापाने तंबूत पडला होता. म्हात्रेने त्याला बाहेर ढकललं. तो स्वतः आला नाही.

रिटायर झाल्यावर मी हौशी लोकांना पेण ते रोहा चार दिवस पायी नेतो. जागा मीच ठरवतो. जागा जितकी छान, तितका मला तिचा संशय. लोक मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

गेल्या हिवाळ्यात पहिला मुक्काम म्हात्रेच्याच गावाबाहेर होता. बांधाच्या आत कोरडी, सपाट जमीन बघून सगळ्यांनी बॅगा टाकल्या. मला काड्यांची रेघ दिसली.

"उचला. इथे पाणी येतं. वर चला."

"सर, इथे पाणी आहे कुठे?" एक मुलगी वैतागली.

मिठागरातून परतणाऱ्या सुगंधावहिनी बांधावर थांबल्या. या म्हात्रेच्या पत्नी. "उधाण हाय गो आज," त्या तिला म्हणाल्या. "बांधाला खांड पडलीय, फुटलाय तो. सांजच्याला गुडघाभर पानी येल. ती रेघ बघ ना, आमची पोरं पण वळखतात."

मग त्या माझ्याकडे वळल्या. दरवर्षी मी त्यांच्याकडे जायचो, चहा प्यायचो आणि एकच सांगायचो: पाणी अचानक आलं. त्यांचा यावर विश्वास नाही, असं मला कायम वाटायचं.

"भावोजी, मग ह्यांना कसं कळलं नाय? गावात लोकं अजून बोलतात. मिठागरातला मानूस, त्याला पानी कळलं नाय."

मला फार लाज वाटली. "कळलं होतं, वहिनी. त्याने मला सांगितलं. मी हसलो."

त्या रडल्या नाहीत, मला बोलही लावला नाही.

"हे गावात सांगाल? चारचौघांत?"

"सांगेन."

तंबू उंचावर लावून घेतले. १८०० वाजता गावाच्या देवळासमोर, बसलेल्या माणसांपुढे, मी सावधानमध्ये उभा राहिलो.

"लान्स नाईक जनार्दन म्हात्रे यांनी पाणी ओळखलं होतं," मी म्हणालो. "मी त्यांचं ऐकलं नाही."