आईंना कोणता अल्बम आवडतो

माझ्या सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला तेव्हा उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला आणि बोलणं जवळजवळ सगळंच गेलं. शिल्लक राहिला एक शब्द. पुरे. चहा दिला की पुरे, अंग पुसायला घेतलं की पुरे, व्यायाम घेणाऱ्या बाईंनी हात वर नेला की पुरे. डॉक्टरांनी आम्हाला आधीच सांगून ठेवलं होतं की या आजारात कधीकधी एखादाच शब्द तोंडात अडकून बसतो, पेशंट सगळ्याला तोच वापरतो आणि त्याला अर्थ असतोच असं नाही. डॉक्टरच म्हणाले म्हटल्यावर आम्ही ते मुकाट्याने धरून चाललो.

आमचं घर नाशिक रोडला, एका कॉलनीत. हॉलमध्ये एका भिंतीला आईंची कॉट आणि दुसऱ्या भिंतीला माझं शिलाई मशीन. मी ब्लाउज शिवते. नवरा सकाळी सातपूरला कंपनीत जातो, लेक कॉलेजला जाते, आणि मग दिवसभर आम्ही दोघीच. त्यातली एक बोलू शकत नव्हती आणि दुसरीला बोलायचं त्राण नव्हतं.

बोलणं शिकवायला येणारी मुलगी होती लहानशीच, पण हुशार. ती म्हणाली, गाणं मेंदूच्या वेगळ्या कोपऱ्यात राहतं, बोलता न येणारी माणसंही ओळखीचं गाणं गुणगुणतात. तेव्हा आजींच्या आवडीचे अल्बम लावा, सुटी गाणी नकोत. जुन्या कॅसेटमध्ये एक गाणं संपलं की पुढचं कुठलं हे ऐकणाऱ्याला पाठ असतं. मधल्या शांततेत त्यांच्या ओठांकडे बघा. पुढचं गाणं सुरू व्हायच्या आत ओठ हलले, तर समजा बोलणं परत यायला लागलंय. आणि जे करायचं ते आत्ताच करा, पहिले काही महिने महत्त्वाचे असतात, नंतर अवघड होतं.

मग तिने अगदी साधा प्रश्न विचारला. आजींना काय आवडायचं?

गवारीने त्यांचं पोट दुखतं, वरणात त्यांना गूळ चालत नाही, उशी पातळच लागते, हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. गाण्याचं मात्र काहीच माहीत नव्हतं. घरात टेप होता, तो सासऱ्यांचा. नंतर सीडी आल्या, त्या ह्यांच्या. आई स्वयंपाकघरात असायच्या. तिथे जे ऐकू यायचं ते त्या ऐकायच्या.

नवऱ्याने घरच्या ग्रुपवर मतदान ठेवलं. आईला काय आवडतं? भावगीतं, अभंग, जुनी हिंदी, गझल, लोकगीतं. 'माहीत नाही' असा पर्याय त्यात नव्हता आणि त्याची कोणाला गरजही पडली नाही. सगळ्यांना खात्री होती. नवरा म्हणाला, भावगीतंच, त्यात विचारायचं काय. पुण्याच्या नणंदेने लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला की आईचा कान शास्त्रीय आहे, अभंग लावा पण रागदारीतले, ते देवळातले टाळकुटे नकोत. नणंद लग्नाआधी दोन वर्षं गाणं शिकली होती. लेक म्हणाली, आजीला रॅप आवडायचं, माझ्या खोलीत येऊन उभी राहायची. आई तिच्या खोलीत जायच्या त्या खुर्चीवरचे मळके कपडे गोळा करायला. सायखेड्याचे मामा, म्हणजे आईंचे धाकटे भाऊ, यांनी फोन करून सांगितलं की आक्काला जागरणाची गाणी लय आवडायची, बाकी सगळं तिला उगाच.

थोडक्यात, ज्याच्या त्याच्या आईला ज्याचं त्याचं गाणं आवडत होतं.

रविवारी ह्यांनी भावगीतांचा अल्बम लावला, कॉटला टेकून बसले आणि समजावून सांगायला लागले. किती संथ चाल आहे बघ, शब्द कसा स्वच्छ ऐकू येतो, आताच्या गाण्यांत काही राम नाही. पहिलं गाणं संपलं. मी आईंच्या ओठांकडे बघत होते. ओठ हलले, पण ते ह्यांचे. पुढच्या गाण्याची पहिली ओळ ते आधीच म्हणायला लागले होते. त्या मुलीच्या परीक्षेत माझा नवरा पहिल्या नंबराने पास झाला. आई म्हणाल्या, पुरे.

संध्याकाळी लेकीने तिचा रॅपचा अल्बम लावला. तिचे बाबा म्हणाले, हे गाणं आहे का भांडण? ती म्हणाली, भांडणच आहे, पण मुद्द्याचं आहे, तुमची सगळी गाणी म्हणजे माणूस झोपेला आलेला असताना गायल्यासारखी. मग दोघांचं जुंपलं, अल्बम बाजूला राहिला, आणि आई काय म्हणाल्या ते ऐकायला मीच होते. पुढच्या आठवड्यात नणंद स्वतःचा स्पीकर घेऊन आली. रेकॉर्डिंगमध्ये तंबोरा मागे पडलाय म्हणून नाक मुरडलं, आणि तिसऱ्या अभंगाला तिचेच डोळे पाणावले. आई म्हणाल्या, पुरे. नणंद म्हणाली, वहिनी, रोज सकाळ-संध्याकाळ लावत जा, एका दिवसात नाही कळत. लावायचं मी होतं, हे ओघानेच आलं.

मी लावत गेले. भावगीतं, अभंग, गझल, जुन्या हिंदी सिनेमांचे अल्बम, बासरी. गझलेच्या अल्बमला मीच मशीनवर डोकं टेकून झोपले. बासरी लागली की दाताच्या दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटायचं. हुक लावता लावता मी मोबाइलवर त्या अल्बमखाली लोकांनी लिहिलेलं वाचायचे. हे ऐकलं की वडिलांची आठवण येते. असं संगीत पुन्हा होणे नाही. रॅपखाली लिहिलेलं, म्हाताऱ्यांना हे झेपणार नाही. भावगीतांखाली, आजच्या पोरांना हे कळणार नाही. हजारो माणसं आणि सगळ्यांना सगळं ठाम माहीत. कोणी लिहीत नव्हतं की ऐकलं, बरं होतं, लक्षात नाही. मला त्या माणसांचा राग यायला लागला. खरं तर मी दमले होते. रात्री दोनदा उठून आईंची कूस बदलायची, सकाळी सगळं आवरायचं, बायका फिटिंगसाठी येणार, त्यांचं ऐकायचं, आणि त्या सगळ्यावर दिवसभर कोणीतरी गात असायचं. मला गाणं म्हटलं की शिसारी यायला लागली होती. हे मी घरात कोणाला सांगितलं नाही. आईंचं बोलणं परत आलं नसतं तर सगळे म्हणाले असते, हिने नीट लावलंच नाही.

मग एका सकाळी मामा आले. शेतातली मेथी आणली होती, मोठी जुडी, मुळांना माती तशीच. मोबाइलमध्ये कोणाकडून तरी जागरणाच्या गाण्यांचा अल्बम भरून आणला होता. तो स्पीकरला जोडून द्यायला सांगितला आणि स्वतः स्टीलच्या ताटावर ताल धरून बसले.

"आक्काच्या हळदीच्या वक्ताला वाजलेली गाणी हायेत ही," ते म्हणाले. "ह्याच्यापुढं तुमच्या त्या शिनेमाच्या गाण्याला काय चव हाय?"

आई त्यांच्याकडे बघत होत्या. बघता बघता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. माझा हात मशीनवर थांबला. मला वाटलं, आता. मामांनाही तसंच वाटलं असणार, त्यांनी ताल वाढवला, आवाज वाढवायला लावला. आईंनी डावा हात थोडा उचलला आणि म्हणाल्या, पुरे.

मामांनी ताट खाली ठेवलं. उपरण्याने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "हिचं डोस्कं कामातनं गेलं, सूनबाई. आता काय नाय उरलं."

हे ते आईंसमोरच बोलले. आईंनी हळूहळू मान फिरवली आणि भिंतीकडे तोंड केलं. डोकं कामातून गेलेलं माणूस असं तोंड फिरवत नाही.

मामा जेवून गेले. गाणी तशीच चालू होती, कारण मामांनी ती माझ्याही मोबाइलमध्ये पाठवली होती आणि जाताना बजावलं होतं की बंद करू नको. मी मशीनवर बसले. एका लग्नाच्या घरचे ब्लाउज त्याच संध्याकाळी द्यायचे होते. मागून आवाज आला, पुरे. थोड्या वेळाने पुन्हा, पुरे. माझ्या हातून उजवी बाही डाव्या बाजूला लागली. पुन्हा आवाज आला तेव्हा मी उठले, पुरे तर पुरे म्हणत स्पीकरची पिन ओढून काढली, आणि तिरमिरीत मशीनचं बटणही बंद केलं.

एकदम शांत झालं. कितीतरी दिवसांत हॉल असा शांत मी ऐकला नव्हता. खालच्या मजल्यावर कुकरची शिट्टी झाली, बाल्कनीत कबुतर घुमलं, मग तेही थांबलं. भांडण करायलाही अंगात जोर नव्हता. मामांची मेथी तशीच पडली होती. मी जमिनीवर पेपर पसरला, कॉटला पाठ लावून बसले आणि मेथी निवडायला घेतली.

बराच वेळ गेल्यावर माझ्या लक्षात आलं की आई पुरे म्हणाल्या नाहीत. मी आठवायला लागले. चहा ओतताना पुरे, अंग पुसताना पुरे, हात ओढताना पुरे, गाणं लावल्यावर पुरे. नुसतं बसलेलं असताना त्या हा शब्द कधी म्हणाल्याच नव्हत्या. कोणीतरी त्यांना काहीतरी करत असलं, की तेव्हाच.

माझ्या खांद्यावरून त्यांचा डावा हात खाली आला. मी एक काडी त्यांच्या हातात दिली. त्यांनी अंगठ्याने एक पान खुडलं, ते पेपरवर टाकलं, काडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कोवळी हे."

मी मागे वळले नाही. वळले असते तर मी रडतेय हे त्यांना दिसलं असतं. मी म्हटलं, "हो, मामांच्या शेतातली आहे." आणि दुसरी काडी दिली.

संध्याकाळी हे आल्यावर सांगितलं, तर त्यांना चपला काढायचंही भान राहिलं नाही. आईच्या पायाशी बसून आणखी काहीतरी बोल म्हणून विनवत राहिले, आणि आई अर्थातच पुरे म्हणाल्या. मग ग्रुपवर बातमी गेली. मामा म्हणाले, बघा, जागरणाची गाणी. नणंद म्हणाली, अभंगांचा परिणाम सावकाश होतो, मी म्हटलंच होतं. लेकीने रॅपच्या अल्बमचं चित्र टाकून खाली हसणारे चेहरे टाकले. ह्यांनी लिहिलं की पाया भावगीतांनीच घातला. मी लिहिलं, गाणं बंद होतं. ते कोणी वाचलं नाही. बोलणं शिकवणारीला फोन केला तर तिने विचारलं, त्या वेळी काय चालू होतं? मी म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, काही नाही म्हणजे कोणता अल्बम?

दुसऱ्या दिवशी मी चहा ओतायला घेतला. कप निम्मा झाला तेव्हा त्या पुरे म्हणाल्या आणि मी थांबले. एवढंच केलं. त्यांनी कपाकडे बघितलं, मग माझ्याकडे. जणू मी या घरात आजच आलेय, असं त्यांनी बघितलं. आमच्याकडे चहा काठोकाठ द्यायची पद्धत, अर्धा कप म्हणजे पाहुण्याचा अपमान, आणि त्या आयुष्यभर तो काठोकाठ चहा पीत आल्या होत्या. अंग पुसताना पुरे म्हणाल्या, मी टॉवेल बाजूला ठेवला. पाठ राहिली होती, राहू दिली.

संध्याकाळी ह्यांनी सवयीने स्पीकरकडे हात नेला आणि आई पुरे म्हणाल्या. हे मला म्हणाले, बघ, परत तोच शब्द अडकला.

मी म्हटलं, "अडकला नाहीये. त्यांचं मत आहे ते."

ह्यांनी हात मागे घेतला. आईने आजवर कुठलं गाणं नको म्हटलेलं त्यांना आठवत नव्हतं, असं ते रात्री जेवताना म्हणाले. मलाही आठवत नव्हतं.

त्यानंतर दुपारी आम्ही दोघी मशीन बंद ठेवून तास-अर्धा तास बसायला लागलो. कधी मेथी, कधी वाटाणे, कधी काहीच नाही. त्या एखाददुसरा शब्द बोलतात. निबर हे. ऊन आलं. दार लाव. त्या बोलणं शिकवणारीच्या वहीत हे फार नाही, पण मला पुरतं.

एकदा बसल्या बसल्या मला वाटलं, इतक्या लोकांनी इतकं ठरवलं, आपण एकदा त्यांनाच विचारू. मी विचारलं, आई, तुम्हाला खरंच कुठलं लावू? जे म्हणाल ते.

त्यांनी मान हलवली. नाय. मग थोडा वेळ त्यांचे ओठ नुसतेच हलत राहिले. मी घाई केली नाही, एवढं मी एव्हाना शिकले होते. त्यांनी डावा हात उचलून माझ्याकडे बोट केलं.

"तुझं," त्या म्हणाल्या. "तुझं लाव."

मी मोबाइल घेतला. शोधायची चौकट उघडली. भावगीतं ह्यांची, अभंग नणंदेचे, रॅप लेकीचं, जागरण मामांचं. माहेरी रेडिओ वडिलांचा होता. तिच्यावर अंगठा धरून बसले, पण काय लिहायचं ते मला सुचेना.

"सापडलं की लावते, आई," मी म्हटलं.

त्यांनी माझ्या मांडीवरची मेथीची काडी उचलली आणि पान खुडायला घेतलं.

"बघ," त्या म्हणाल्या. "घाई नाय."