साहेबांच्या कमरा

आमच्या काकांना राजकारणातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी साहेबाचं राज्य जाणार हे गावात सगळ्यांत आधी त्यांनीच सांगितलं. ते शिंपी होते. समुद्रापलीकडून येऊन आमच्यावर राज्य करणाऱ्या साहेबांचे गणवेश त्यांच्याकडेच यायचे. दुकानाच्या मागेच घर, आणि मी, त्यांची पुतणी, पुढे बसून काजं करायची. कुठल्याही मापात थोडं सैल ठेवायची काकांना सवय, म्हणून लोक त्यांना ‘अर्धाइंच मास्तर’ म्हणत. स्वभावात मात्र अर्ध्या सुताचीही सवलत नव्हती.

महायुद्ध पेटलं. पहिल्या वर्षी साहेबांनी झोकात नवे कोट शिवून घेतले. दुसऱ्या वर्षी तेच कोट कमरेत आत घ्यायला आले. तिसऱ्या वर्षी एक कर्नल आला आणि इकडेतिकडे बघत मोडक्यातोडक्या भाषेत हळूच म्हणाला, “मास्तर, हा उलटवून मिळेल?” म्हणजे सगळी शिवण उसवायची, विटलेली बाजू आत घालायची आणि पुन्हा शिवायचं. असली कामं आजवर आमच्यासारख्यांची! तो गेल्यावर काका म्हणाले, “ज्याला नवा कोट परवडत नाही, त्याला आपला देश कसा परवडेल? बडा घर पोकळ वासा. चालले हे.”

वर्तमानपत्रात साहेब रोज जिंकत होते, त्यामुळे लोकांनी काकांना वेड्यात काढलं. सगळ्यांत जास्त भडकला तो दादा, त्यांचा एकुलता एक मुलगा. तो चळवळीत होता.

“आम्ही लाठ्या खातोय आणि तुम्ही त्यांच्या कमरा मोजून भविष्य सांगताय! बाबा, त्यांचा एक जरी कोट या दुकानात असेल, तोवर मी पायरी चढणार नाही.”

“नको चढूस,” काका म्हणाले.

बाप तसा बेटा. पाच वर्षं दादा आला नाही, त्यातली दोन तुरुंगात गेली. काकी रोज त्याचं अंथरूण झटकून ठेवायची. काका त्याचं नाव काढत नसत, पण रस्त्यावर ओळखीचं पाऊल वाजल्यासारखं झालं की त्यांचं मशीन थांबायचं. मला दोघांचाही राग यायचा आणि दोघांचीही कीव यायची.

मग साहेब युद्ध जिंकले. जिंकून इतके खंगले, की दोन वर्षांत एकेक मुलूख सोडत सुटले, त्यात आमचाही आला. “मी म्हणालो नव्हतो?” हे काकांनी निदान चाळीस जणांना घरी जाऊन ऐकवलं.

साहेबांची शेवटची बोट सुटणार होती, त्या सकाळी तोच कर्नल आला. कोटाची पितळी बटणं काढून साधी लावून हवी होती. तिकडे गेल्यावर हाच कोट घालून नोकरी शोधणार, म्हणाला. काकांनी कोट घेतला. तो नुसत्या सदऱ्यावर अंग चोरून बाकावर बसला.

तेवढ्यात दारात दादा! गालफडं बसलेली, दाढी वाढलेली. काकांच्या मांडीवरचा कोट पाहून तो पायरीखालीच थांबला.

काकी आतून धावत आली. “अहो, फेका तो कोट! पोरगं दारात उभं आहे!”

“घेतलेलं काम आहे,” काका म्हणाले. “पाच बटणं. होतील आत्ता.”

पण होईनात. अंधारातही सुई ओवणारे काका, पण आज दोरा काही केल्या नेढ्यात जाईना. थुंकी लावली, टोक कातरलं, पुन्हा चुकले. मी पुढे झाले तर माझ्यावरच खेकसले. कर्नल मान खाली घालून बसला होता.

दादा हे बघत होता. मग तो पायरी चढून आत आला, काकांच्या हातातली सुई घेतली, दोरा ओवला आणि परत दिली.

काकांनी सुई उजेडात धरली. “लांब घेतलास फार. गुंता होतो अशानं,” म्हणाले, आणि ढसाढसा रडू लागले.