आंका सर

सरांच्या हातात कायम बाजाराची पिशवी असे, आणि त्या पिशवीत भाजी सोडून सगळं असे. गिटारच्या जादा तारा, फ्यूजची तार, टॉर्च, सुतळी, आल्याच्या वड्या, एक छत्री, आणि ती मोडली तर दुसरी. 'आंका' हा त्यांचा लाडका शब्द. आमच्या मॉरिशसच्या क्रिओल बोलीत त्याचा अर्थ 'न जाणो, वेळ आलीच तर'. आंका लाईट गेली, आंका तार तुटली, आंका परीक्षकांना ठसका लागला. मोका गावच्या कॉलेजात ते आम्हांला आजच्या काळाचं संगीत शिकवत, म्हणजे बेस गिटार, कीबोर्ड, स्वतःची चाल बांधणं वगैरे. पण त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटावर होतं. एरवी ते आंका सर.

आम्हांला मात्र ते सारखं "पा त्राकासे, पा त्राकासे" म्हणत. काळजी करू नका, असं. आणि म्हणताना रुमालानं स्वतःचं कपाळ पुसत. सराव सुरू करण्याआधी अॅम्प्लिफायरला नाक लावून विचारायचे, "जळका वास येतोय काय गं बाय?" कशाला येतोय! पण त्यांनी तीनदा विचारलं की आम्हांलाही वास येऊ लागे. त्यांची भीती सर्दीसारखी होती, शेजारी बसलं की लागलीच. मला तर पक्की लागली, कारण माझ्याकडे घाबरण्यासारखं होतं.

मी बों अक्योय गावची, उसाच्या शेतांतली. शेवटच्या वर्षी प्रत्येकानं स्वतः बांधलेली एक चीज परीक्षकांपुढे सादर करायची, त्यावर पास-नापास. त्याच्या आदल्या रविवारी बा जेवताना म्हणाला, "पास झालीस तं गा. न्हाय तं ताईसंगं लिझिन." लिझिन म्हणजे कपडे शिवायचा कारखाना. माझी थोरली बहीण तिथून रोज लाल डोळे घेऊन यायची आणि ताट तसंच सरकवून आडवी व्हायची. बा वाईट नव्हता हो. तोही घाबरटच, सरांसारखा. पोरगी गाणं-बजावणं करून खाणार काय, एवढंच त्याला कळत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं.

मी चीज बांधली ती झाकरीच्या ठेक्यावर. गणपतीत आमच्या गावातले पुरुष गोल धरून जी झाकरी नाचत, तिचा ठेका मी रावानवर घेतला. रावान म्हणजे मोठ्या डफासारखं इथलं वाद्य, कडेला झांजा असलेलं, बकऱ्याचं कातडं ताणलेलं. सोबतीला वर्गातली दोन मुलं, एक कीबोर्डवर, एक बेसवर. सरांनी ऐकलं आणि मान हलवली. "झाकरीचा पाय चुकतोय, बाय." टेबलाखाली त्यांचा पाय हलला, आणि मी बघतच राहिले. असा चोख ठेका मी गावातही ऐकला नव्हता.

"सर, तुम्ही नाचायचात?"

"बारका होतो तवा. मग एकदा गणपतीत आमच्या सगळ्या प्लेन मान्येन गावाम्होरं आपटलो. तवापासनं मंचावर माझे पाय ऐकत न्हाईत." एवढं बोलून त्यांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतला.

परीक्षेच्या दिवशी मोकात तिसऱ्या दिवसाची झिमझिम चालू होती. दमट हवेत रावान सैल पडतं, थाप मारली तर ओल्या पोत्यासारखं वाजतं. एरवी अंगणात पाचट पेटवून कातडं शेकतात. पण सगळं पाचट भिजलेलं. सरांनी पिशवीतून काय काढावं? कपड्यांची इस्त्री! "बायकोला इचारून आणलीय. आंका पाऊस."

व्हरांड्यात इस्त्री तापवून ते कातड्यावरून बोटभर अंतरानं फिरवू लागले. हळूहळू आवाज चढला. टण्ण! अगदी हवा तसा.

"बास, सर."

"वायचं अजून. आत जाईस्तवर उतरलं तर?"

"सर, बास म्हणते ना!"

"वायचंच, बाय."

चर्रकन आवाज झाला आणि कातडं मधोमध वीतभर उललं.

मी ओरडलेच. सरांवर, सगळ्या व्हरांड्यादेखत. "तुमच्या भीतीनं खाल्लं मला! जाते आता शिवणाच्या मशीनवर, झालं तुमचं समाधान?" सरांच्या तोंडावरचा रंगच उडाला. खाली बसून त्यांनी पिशवी रिकामी केली. तारा, टॉर्च, सुतळी, दोन्ही छत्र्या, सगळं फरशीवर मांडलं. दुसरं रावान नव्हतं. आणि आतून माझं नाव पुकारलं.

फाटकं रावान घेऊन मी आत गेले. परीक्षक बाई कागदावरून मान वर करत नव्हत्या. कीबोर्डवाला माझ्याकडे बघतोय, बेसवाला माझ्याकडे बघतोय, आणि मला तर पहिली ओळही आठवेना. तेवढ्यात दाराशी सर बूट काढताना दिसले. दोन्ही बूट त्यांनी नीट जोडीनं ठेवले, मोजे खिशात कोंबले आणि अनवाणी लाकडी मंचावर चढले.

"हे कोण?" बाईंनी विचारलं.

"रावान फाटलं, मादाम," सर क्रिओलमध्ये म्हणाले. "आज रावान मीच."

बाई क्षणभर त्यांच्या पायांकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "बरं."

सरांनी रुमालानं कपाळ पुसलं. पहिलं पाऊल चुकलं. दुसरंही. मग त्यांनी डोळे मिटले आणि तिसरं पाऊल असं पडलं की मंचाच्या फळ्या बोलल्या. मी फाटक्या रावानच्या झांजा हलवत गायला लागले. किती वेळ गेला, काय गायले, देव जाणे. थांबलो तेव्हा सरांचा सदरा घामानं पाठीला चिकटला होता आणि ते पुटपुटत होते, "पा त्राकासे, पा त्राकासे." मला की स्वतःला, कोण जाणे.

मी पास झाले. बानं कागद दोनदा वाचला, उलटा करून मागची बाजूही पाहिली आणि म्हणाला, "मंग आता फुडं?" पुढं पुणं आलं. वर्षभरानं मला तिथं गाणं शिकायला जागा मिळाली.

विमानतळ सरांच्या प्लेन मान्येनला लागूनच. निरोप द्यायला ते पिशवीसकट हजर. आल्याच्या वड्या दिल्या, सुतळीचा गुंडा दिला. "आंका पेटी फुटली." बा, ताई सगळे बसची वेळ झाली म्हणून निघाले, तरी सर हलेनात.

"सर, आता तुम्ही पण जा."

"थांबतो गं. आंका इमान माघारी फिरलं. तुझं घर लांब, माझं हितंच हाय. कुणीतरी पायजे ना."

मी हसले. व्हरांड्यातलं ते बोलणं परत घ्यायचं माझ्या जिभेवर होतं. पण सुतळी कुठं ठेवू या गडबडीत राहून गेलं. विमानातून पाहिलं तर विमानतळाच्या गच्चीवर छत्री दिसली, उघडलेली. आभाळ तर स्वच्छ होतं.

तिसऱ्या वर्षी पुण्याला त्यांच्या बायकोचं पत्र आलं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. सर गेले, हृदय थांबलं. खाली आणखी दोन ओळी होत्या. माझं विमान सुटलं त्या दिवशी ते दिवेलागणीपर्यंत गच्चीवर उभे होते, आणि नंतर कितीतरी दिवस, विमान उतरायचा आवाज आला की हातातला घास ठेवून अंगणात जायचे. माफी मागायला आता माणूसच नव्हतं.

पुढल्या वर्षी मी परत आले. विमान प्लेन मान्येनच्या उसावरून उतरलं, मी पायऱ्यांवर आले, आणि आधी वर गच्चीकडे पाहिलं. पत्र माझ्या पर्समध्येच होतं, शब्द न् शब्द पाठ होतं. तरी पाहिलं.

आंका.