जमीन नसलेला ग्रह

काल फरशी पुसताना फिनेलचा वास आला आणि तळेगावच्या दवाखान्यातला तो बाक आठवला. आत आईचं हृदयाचं ऑपरेशन चालू होतं. शेजारी आबा, माझे वडील, दाराकडे बघत बसले होते. वडिवळ्याला भात लावणाऱ्या आबांनी माझ्या खगोलशास्त्राबद्दल, मी अभ्यासत असलेल्या ग्रहाबद्दल कधी विचारलं नव्हतं.

अचानक म्हणाले, "तुजा तो लांबचा ग्रह कसा हाय गं?"

"गुरूपेक्षा मोठा आहे, आबा. पण सगळा वायूच. पाय टेकायला जमीनच नाही."

"मग?"

त्याचा तारा, त्याचं चार दिवसांचं वर्ष, मी सांगत राहिले. आवाज कापायचा. मी थांबले की आबा म्हणायचे, "सांग की."

आई वाचली. तेव्हा वाटलं, आबांना ग्रह आवडला. आज कळतं, मी बोलत राहिले तर रडणार नाही, एवढंच त्यांना हवं होतं.