आमच्याकडे, तुमच्याकडे

माझी बायको नीलांबिका अक्कलकोटची, कानडी घरातली. सारा संसार शुक्रवार पेठेत झाला, तरी ती माहेराला "आमच्याकडे" आणि या घराला "तुमच्याकडे" म्हणते. मी ते हसण्यावारी न्यायचो.

परवा तिनं वाचनालयातून परमुलखात राहणाऱ्यांच्या कथांचं पुस्तक आणलं. वाचता वाचता ती हसली, मग डोळे पुसले. माझ्या बोलण्यावर ती कधी अशी हसल्याचं मला आठवेना. मी चक्क त्या पुस्तकावर जळलो.

"एवढं काय आहे त्यात?"

"माझ्या मनातलं लिहिलंय की हो."

"मला नाही कधी सांगितलंस."

"तुम्ही विचारलंत कुठं?"

ती चहा ठेवायला गेल्यावर मी पुस्तक उघडलं. स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, "अहो, आमच्या पुस्तकाचं पान दुमडू नका!"

"मग तुमच्याकडे खूण कशी ठेवतात?" मी विचारलं.