तामूच्या बाजूने एकटा

फेस शहरातल्या, कातडी कमावायच्या कुंडांत अल्लालने एकेचाळीस वर्षं पायांनी कातडी तुडवली. गुडघे गेल्यावर काम सुटलं. मग तो रोज तिसऱ्या प्रहरी, असरच्या नमाजानंतर वेशीबाहेर, कथेकरी मखलूफच्या (आदराने सगळे त्याला ‘सी मखलूफ’ म्हणत) रिंगणात जाऊन बसू लागला. तिथे त्याने कधी तोंड उघडलं नव्हतं.

कथेत दोन जादूगार होते. झरवाल नुसतं बोट उचलायचा आणि डोंगर हलायचा. तामू ही बाई; तिला एकेका मंत्रासाठी तीन दिवस उपास, शाई स्वतः घोटायची, आणि मंत्र संपला की फणफणून ताप. उद्या दोघांची शेवटची झुंज होती. रिंगणाची रीत अशी, की आदल्या दिवशी श्रोत्यांनी दोन बाजूंना बसून वाद घालायचा. जी बाजू निरुत्तर होईल, तिचा जादूगार मरायचा.

सगळे झरवालकडे सरकले. अल्लाल उठला, काठी टेकत पलीकडे गेला आणि एकटाच बसला.

“बा अल्लाल, ऊन लागलं का?” तांबट जिलाली ओरडला. “झरवालनं एका रात्रीत शहर उभं केलं! तुझ्या तामूनं काय केलं? शाई घोटली!”

“ते शहर आज कुठंय?”

“विरलं,” मागून कुणीतरी म्हणालं.

“आणि त्यानं उभारलेला किल्ला?”

“त्याची वाळू झाली.”

“तामूनं नदीवर पूल बांधला. त्यापायी पंधरा दिवस अंथरुणाला खिळली. परवाच्या कथेत झरवालचं सैन्य नदीपार कशावरनं गेलं, सी मखलूफ?”

मखलूफ दाढी खाजवू लागला. परवा त्याने कथा घाईत पुढे रेटत सैन्य पलीकडे नेलं होतं. पूल कुणाचा, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

“त्याच पुलावरनं,” तो अखेर म्हणाला.

“डोंगर हलवतो, आणि नदी ओलांडायला बाईचा पूल लागतो!”

रिंगण खदखदा हसलं. जिलाली चिडला. “झुंजीत तिला तीन दिवस कोण देणार? हा बोट उचलणार, ती खलास!”

“झुंज उद्या आहे हे तिला ठाऊक आहे. म्हणून तिनं परवापासूनच उपास धरलाय, आज तिसरा दिवस आहे. तुझा झरवाल आत्ता काय तयारी करतोय?”

जिलालीने शेजाऱ्याकडे पाहिलं. शेजाऱ्याने मान खाली घातली. मखलूफने तीनदा विचारलं, “उत्तर?”

“मग उद्या झरवाल पडेल,” तो म्हणाला.

“पाडा,” अल्लाल म्हणाला, “पण झटक्यात नको. तिचा घाम निघू द्या.”